खाली घेतलेली स्विफ्ट, घासणारी चाकं आणि आतून खाल्लेले टायर

गाडी दुसऱ्या पिढीची स्विफ्ट. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) लावून पुढून-मागून साधारण ५० मिमी खाली घेतलेली. रिम १६ इंची, ७ जे (म्हणजे ७ इंच) रुंद, ऑफसेट ३८, म्हणजे रिम हबला (चाक जिथे बसतं त्या भागाला) टेकते ती पातळी रिमच्या मध्यापासून ३८ मिमी बाहेर. त्यावर २०५/५५ आर १६ टायर, म्हणजे २०५ मिमी रुंद, साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ इंची रिमसाठी. तक्रारी तीन: मागे दोन माणसं बसली की गतिरोधकावर मागचं चाक फेंडरला घासतं, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढे डावीकडे लाईनरवर (फेंडरच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर) खरखर, आणि पुढचे दोन्ही टायर ९,००० किमीत आतून संपलेले.

तिसरी तक्रार खरं तर मालकाला माहीतच नव्हती. बाहेरून टायर ठणठणीत दिसत होते. खाली घेतलेल्या गाडीत हाच धोका असतो: उभ्या माणसाला टायरची बाहेरची कड दिसते आणि झिजते ती आतली. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, मोबाईलचा दिवा लावून आतली कड बघायची. डेप्थ गेजने मोजलं तेव्हा डाव्या टायरची खोली बाहेर ६.० मिमी, मध्ये ५.५ आणि आत १.४ निघाली. कायद्याने किमान १.६ हवी. आणखी हजारभर किमी गेली असती तर तारा दिसल्या असत्या, आणि पावसाळ्यात एक्सप्रेसवेवर ते कळण्याची पद्धत फार वाईट असते.

आता आतून झिजला म्हणजे कॅम्बर (चाकाचा माथा आत किंवा बाहेर कललेला असणं; उणे म्हणजे आत), असं टायरच्या दुकानापासून मित्रमंडळींपर्यंत सगळे सांगतात. खापर कॅम्बरवर फुटतं, पण टायर खातो तो बहुतेक वेळा टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं. तळहात टायरवरून आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दाते लागले, तर चाक तिरकं फरपटत चाललंय, म्हणजे टो बिघडलाय. दाते नाहीत, नुसता आतल्या बाजूला एकसारखा उतार आहे, तर तो कॅम्बर. जागोजागी खड्डे-उंचवटे असतील तर शॉकअप मेलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. इथे आतल्या बाजूला उतार होता आणि त्यावर चांगले धारदार दातेही होते. कॅम्बरने वजन आतल्या कडेवर टाकलं आणि टोने ती कड कानशीसारखी घासली.

हिशेब करून बघितला की पटतं. ३डी अलाइनमेंटच्या (चाकांच्या कोनांच्या मापाच्या) कागदावर पुढच्या प्रत्येक चाकाचा टो उणे ०°१२' होता, म्हणजे दोन्ही चाकं पुढून बाहेर फाकलेली. ०°१२' म्हणजे ०.२ अंश. एवढ्या तिरक्या चाकाला दर किलोमीटरला साधारण साडेतीन मीटर आडवं फरपटावं लागतं. ९,००० किमीत ते ३१ किमी होतं. पुणे ते लोणावळा अर्धा रस्ता टायर आडवा ओढला, तर तो उरेल कसा? त्याउलट टो शून्याजवळ असेल तर उणे एक-दीड अंश कॅम्बर रोजच्या वापरात टायर बऱ्यापैकी सांभाळून घेतो.

गाडी खाली घेतल्यावर टो का बदलतो? लोअर आर्म (चाक खालून बॉडीला धरणारा दांडा) आणि टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) यांच्या लांब्या आणि कोन सारखे नसतात. दोघांची टोकं वेगवेगळ्या कमानीत फिरतात. बॉडी ५० मिमी खाली आली की दोन्ही टोकांचं अंतर सारखं बदलत नाही, आणि तो फरक चाकाला फिरवतो. म्हणून उंचीला हात लावला की अलाइनमेंट करावंच लागतं, अगदी १० मिमीचा फरक असला तरी. या गाडीत कॉइलओव्हर बसवल्यावर अलाइनमेंट झालं होतं, पण त्यानंतर स्प्रिंगा बसून गाडी आणखी खाली आली आणि परत कोणी मोजलं नाही. नवीन स्प्रिंगांना निदान ३००-४०० किमी चालू द्यायचं आणि मगच शेवटचं माप घ्यायचं.

पहिलं पूर्ण माप असं होतं: पुढे डावा कॅम्बर उणे २°२५', उजवा उणे १°५०'. मागे डावा उणे ०°५५', उजवा उणे १°००', टो दोन्हीकडे आत ०°१०'. मागचे आकडे वाचूनच अर्धं काम झालं. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा, पिळू शकणारा एकच आडवा बीम. दोन्ही चाकं सरळ खाली-वर जातात तेव्हा बीममध्ये कॅम्बर जवळपास बदलत नाही; तो बीममध्येच घडवलेला असतो. ‘खाली घेतल्यामुळे मागचे टायर आतून खातात’ हे अशा गाडीत सहसा खरं नसतं. मागे एका बाजूचा आकडा वेगळा आला तर बीम किंवा स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) वाकलाय, नाहीतर बेअरिंग गेलंय, असं समजून तपासायचं. स्टब चार बोल्टने बसत असेल तर मध्ये पाचरीसारखी पातळ पट्टी (शिम) घालून थोडं सुधारता येतं, पण वाकलेल्या भागावर शिमचं ठिगळ लावू नये.

पुढे मात्र डाव्या-उजव्यात ३५ मिनिटांचा फरक होता. स्प्रिंग दोन्हीकडे सारख्या, उंची सारखी, मग एवढा फरक का? अशा वेळी लगेच कॅम्बर बोल्ट (फिरवून कॅम्बर बदलता येणारा बोल्ट) घालून आकडे जुळवायचा मोह होतो. त्याआधी टेप घेऊन हबच्या मध्यापासून फेंडरच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं. डावं चाक ७ मिमी मागे होतं. लाईनरवर फक्त डावीकडे आणि फक्त मागच्या बाजूला का घासत होतं, त्याचं उत्तर इथेच मिळालं. जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं, बेअरिंग ठीक. डावी-उजवीकडे धरून हलवलं, टाय रॉड एंड ठीक. लोअर आर्मच्या मागच्या बुशात (जोडातल्या रबरात) पहार घालून दाबलं तर रबर सरळ उघडलं. आत चीर होती.

बुश फाटण्याचं कारणही लावणाऱ्याच्या सवयीत असतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना लोअर आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली ठेवली की ते कायम पिळलेलं राहतं. मूळ उंचीच्या गाडीला हे कसंबसं चालतं, ५० मिमी खाली गेलेल्या गाडीत पीळ बराच जास्त असतो. दोन्ही लोअर आर्म नवे घातले. बोल्ट आधी नुसते बसवले, गाडी चाकांवर उभी केली, चार वेळा दाबून सोडली आणि मग खड्ड्यात उतरून, वजन चाकांवर असताना, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळले. मागच्या बीमच्या पुढच्या बुशांचे बोल्टही ढिले करून तसेच पुन्हा आवळले. एवढ्याने डावा कॅम्बर उणे २°००' वर आला आणि चाक पुढे सरकलं. अजून एकही कॅम्बर बोल्ट लागलेला नव्हता.

आता घासण्याकडे. कुठे घासतंय हे नक्की कळल्याशिवाय कातरी, ग्राइंडर काहीही हातात घ्यायचं नाही. फेंडरच्या आतल्या कडेला आणि लाईनरला पांढरं बूटपॉलिश फासायचं, गाडीत चार माणसं बसवायची आणि नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारायची. जिथून पॉलिश गेलं ती जागा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असावा, पण आपल्याकडे गल्लीत जे रबराचे आणि डांबराचे उंचवटे असतात ते अरुंद आणि उभे असतात. सस्पेन्शन एकदम शेवटापर्यंत जातं ते तिथे. चाचणी तिथेच घ्यायची.

मागच्या चाकांसाठी याहून चांगली पद्धत आहे. गाडी मागून दोन्ही बाजूंना स्टँडवर घ्यायची, पुढच्या चाकांना अडकण लावायची. शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम हळू खाली सोडायचा, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना ते बघत. स्प्रिंग काढायची, शॉकअप आणि बम्प स्टॉप (चाक फार वर जाऊ नये म्हणून असलेलं रबर) परत जागेवर लावायचे. आता हायड्रॉलिक जॅकने चाक बम्प स्टॉप दबेपर्यंत वर न्यायचं. स्प्रिंग नसल्यामुळे सहज वर जातं. आधी दोन्ही बाजू एकत्र, मग एकच बाजू. एकच बाजू वर नेली की बीम पिळतो आणि चाक कलतं, खरा कस तिथे लागतो.

इथे आणखी एक करामत सापडली. मागचे बम्प स्टॉप कोणीतरी अर्धे कापले होते, ‘गाडी आदळते’ म्हणून. बम्प स्टॉप कापला की आदळणं थोडं उशिरा होतं एवढंच, पण चाक तेवढं जास्त वर जातं आणि फेंडरमध्ये शिरतं. म्हणजे घासण्याची सोय करून ठेवलेली. पूर्ण लांबीचे नवे बम्प स्टॉप घातले, त्याखाली १० मिमीचे पॅकर. गाडी ज्या उंचीवर चालते तिथून बम्प स्टॉपपर्यंत ३० मिमीच्या वर प्रवास उरला पाहिजे, नाहीतर गाडी कायम रबरावर बसून चालते आणि कडक लागते. या गाडीत तेवढा नव्हता, म्हणून कॉइलओव्हर चारही बाजूंनी १० मिमी वर घेतले. मालकाला फेंडर आणि टायरमधली फट वाढलेली आवडली नाही. पण हे १० मिमी न देता पुढचं काहीच नीट झालं नसतं. उंची वाढल्यावर पुढचा कॅम्बर डावीकडे उणे १°४०' आणि उजवीकडे उणे १°३०' झाला.

रिम-टायरचं गणित कागदावर मांडावं. मूळ रिम साडेपाच इंची आणि ऑफसेट ४५ धरला, तर हबच्या बसण्याच्या पातळीपासून रिमची बाहेरची कड सुमारे २५ मिमी बाहेर येते. ७ इंची, ऑफसेट ३८ रिमची कड ५१ मिमी बाहेर. म्हणजे चाक २६ मिमी बाहेर आलं. आतल्या बाजूलाही ते १२ मिमी आत गेलं. पद्धत सोपी आहे: रुंदी मिलिमीटरमध्ये, तिची निम्मी, त्यातून ऑफसेट वजा केला की बाहेरची कड, मिळवला की आतली. नवीन रिम घेण्याआधी हे दोन मिनिटांचं काम केलं असतं तर थोडी अरुंद रिम घेतली गेली असती आणि दोन्ही बाजूंना काही मिमी फुकटात वाचले असते. रिम बदलायची मालकाची तयारी नव्हती, म्हणून टायर बदलले.

२०५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६३२ मिमी. कंपनीच्या १८५/६५ आर १५ चा ६२१.५. म्हणजे गाडी खाली आणली आणि चाक मोठं केलं, दोन्हीकडून फट खाल्ली. दोन पर्याय होते. १९५/५० आर १६ चा व्यास ६०१ मिमी, भरपूर जागा मिळते. पण साइडवॉल जेमतेम ९७ मिमी उरते, खड्ड्यात रिम वाकते, स्पीडोमीटर तीन टक्क्यांहून जास्त पुढे दाखवतो आणि लोड इंडेक्स ८४, म्हणजे टायरमागे ५०० किलो. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२१, मूळच्या बरोबरीचा, लोड इंडेक्स ८७ म्हणजे ५४५ किलो, साइडवॉल १०७ मिमी. ७ जे ही या मापाला चालणारी सर्वांत रुंद रिम आहे, तेव्हा इथून पुढे रुंदीत जाऊ नये. १९५/५५ घेतले. नावात रुंदी १० मिमी कमी दिसली तरी बाजूला प्रत्यक्षात चार-पाच मिमीच मिळतात, कारण त्याच रुंद रिमवर टायर फाकून बसतो. त्रिज्येत साडेपाच मिमी मिळाले. टायर निवडताना खांद्याचा आकारही बघावा: एकाच मापात एका कंपनीचा टायर चौकोनी खांद्याचा असतो, दुसरीचा गोल. घासणाऱ्या गाडीला गोल खांदा घ्यावा.

जाता जाता: अशा रिमचं मधलं भोक बहुतेक वेळा हबपेक्षा मोठं असतं. स्विफ्टचा हब ५४.१ मिमीचा. मधे सेंट्रिंग रिंग नसेल तर चाक नटांवरच मध्यात येतं आणि ८०-९० वेगाला थरथरतं, मग लोक अलाइनमेंटला शिव्या देतात. नट एम १२ × १.२५, शंकूच्या बैठकीचे. रिंग चारही चाकांना घातल्या.

मागच्या फेंडरची कड दुमडायची होती. ही कड आत वळलेली १२ मिमीची पट्टी असते आणि मागच्या फेंडरला ती दोन पत्र्यांची, स्पॉट वेल्ड केलेली असते. ती कापायची नाही. कापली की दोन पत्रे उघडे पडतात आणि दोन पावसाळ्यांत आतून गंज फुगतो. कोकणात नेली तर एकाच पावसाळ्यात. डेंटरकडे हातोडी-डॉलीने ठोकूनही घेता येते, पण रंग उडतो आणि फेंडरला लाटा येतात. हबवर बोल्टने बसणारं फेंडर रोलर भाड्याने मिळत असेल तर तेच वापरावं. हीट गनने पत्रा हाताला सोसणार नाही इतपत, ६०-७० अंशांना तापवायचा, रंग मऊ राहतो. रोलर एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश फिरवायचा, प्रत्येक फेरीला थोडाच दाब वाढवायचा. सात-आठ फेऱ्या लागतात. घाई केली की कड वळण्याऐवजी फेंडरच बाहेर फुगतो. दुमडल्यावर आतला सीलर तडकतोच. तडकलेला सगळा खरवडून काढला, प्रायमर मारला, पीयू सीलंट भरला, वर अंडरबॉडी कोटिंग. इथे नऊ-दहा मिमी मिळाले. मागचा बंपर आणि फेंडर जिथे जोडतात तिथला स्क्रूचा कान टायरकडे डोकावत होता, तो आत वळवून स्क्रू सपाट डोक्याचा घातला. टायर फाडतो तो अनेकदा हा स्क्रूच.

पुढे फेंडरला हात लावावा लागला नाही. लाईनर हीट गनने मऊ करून लाकडी ठोकळ्याने मागे दाबला, थंड होईपर्यंत धरून ठेवला. आधी मागे वायरिंग किंवा वॉशरची टाकी नाही ना हे हात घालून बघितलं.

कॅम्बर बोल्ट यानंतर. स्ट्रटला (पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या खांबाला) नकलशी (हब धरणाऱ्या भागाशी) जोडणारे दोन बोल्ट असतात. वरचा काढून त्या जागी विकेंद्री बोल्ट घालायचा. चाकाचा वरचा भाग बाहेर जाईल अशा दिशेने डोकं फिरवायचं, डोकं पान्याने धरून ठेवून नट आवळायचा. बोल्टचा दांडा मूळपेक्षा बारीक असतो, म्हणून टॉर्क मूळ बोल्टचा नाही, या बोल्टच्या पाकिटावरचा. डोकं आणि स्ट्रट यांवरून रंगाची एक रेघ ओढली, सरकलं तर दिसावं. लक्षात ठेवायचं ते हे: उणे कॅम्बर कमी केला की टायरचा माथा फेंडरकडे येतो. एका अंशाला साधारण साडेपाच मिमी. बरेच जण फेंडर चुकवायलाच कॅम्बर उणे अडीच-तीन ठेवतात आणि टायरच्या पैशाने जागा विकत घेतात. म्हणून आधी जागा करायची, मग कॅम्बर उभा करायचा. इथे माथा तीन-चार मिमी बाहेर आला आणि तेवढी जागा आता होती. आतल्या बाजूला टायर आणि कॉइलओव्हर यांत ६ मिमी होते, ते किंचित वाढले.

टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर बोल्ट फिरवला की टो विस्कटतो. अलाइनमेंटला जाताना टायरची हवा दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे, अर्धी टाकी, चालकाच्या जागेवर ७० किलो वजन. आधी मागचं माप, मग पुढचं. तंत्रज्ञ पडद्यावर हिरवं दिसलं की थांबतो. त्या हिरव्या पट्ट्यात डावं अधिक आणि उजवं उणे असं दोन्ही बसतं. आकडा सांगून मागायचा, आणि तो अंश-मिनिटांत. ‘टो २ मिमी’ म्हटलं तर कुठल्या व्यासावर, हे कोणालाच माहीत नसतं. शेवटचा कागद: कॅम्बर दोन्हीकडे उणे १°००' च्या आसपास, फरक ५ मिनिटांच्या आत, टो प्रत्येकी आत ०°०२'. टाय रॉडचे लॉक नट आवळताना रबरी बूट पिळला नाही ना तेही बघितलं.

घरी तपासायला यंत्र लागत नाही. १६ इंची रिमची कड ते कड साधारण ४३० मिमी भरते. सपाट जागी रिमला ओळंबा लावला तर वर-खाली ७.५ मिमी फरक म्हणजे एक अंश कॅम्बर. गाडीला समांतर दोरी बांधून रिमची पुढची आणि मागची कड मोजली तर १ मिमी फरक म्हणजे ८ मिनिटं टो. महिन्यातून एकदा पुरे.

कायद्याचंही एकदा बोलावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीतल्या मूळ तपशिलाला धक्का देणारे बदल चालत नाहीत, आणि विमा कंपनीला बदल कळवले नसतील तर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा निघतो.

१०० किमीला कॅम्बर बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा तपासले. डाव्या कॅम्बर बोल्टच्या नटाने पाव फेरा घेतला, रेघ मात्र सरकली नव्हती. २,५०० किमीला पुढच्या टायरची खोली मोजली: बाहेर ७.४ मिमी, मध्ये ७.३, आत ७.२. हात फिरवल्यावर दाते नाहीत. ५,००० किमीला त्याच बाजूचे पुढचे-मागचे टायर अदलाबदल करायचे ठरलंय. चार माणसं आणि सामान घेऊन, स्टिअरिंग पूर्ण वळवून, उतारावर रिव्हर्स घेतली तर डावीकडे लाईनरला टायर अजून हलकासा लागतो. तिथे प्लास्टिकच आहे, मागे वायर नाही. ते तसंच राहू दिलं.